दिसतं, पण सापडत नाही

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक दिवस नुसतं लक्ष ठेवा. सकाळी स्थानिक दैनिकाची पीडीएफ येते. दुपारी कुणीतरी शासन निर्णय टाकतं, खाली 'सर्वांनी वाचावे' असा शेरा असतो आणि वाचत कुणीच नाही. संध्याकाळी लग्नपत्रिका, तिच्याखाली दहाव्याचं निमंत्रण, मग एखाद्या योजनेच्या लाभार्थ्यांची ऐंशी पानी यादी. हे सगळं आधी कुठेतरी वर्डमध्ये टाईप झालेलं असतं. पण वर्डची फाईल आपल्यापर्यंत जवळजवळ कधीच येत नाही. येते ती पीडीएफ.

आता त्या यादीत स्वतःचं आडनाव शोधून बघा. भिंगाच्या खुणेवर बोट ठेवा, आडनाव टाका. 'काही सापडलं नाही.' आणि आडनाव तर चौदाव्या पानावर ढळढळीत दिसतंय. मग त्याच पानावरची एक ओळ कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवा. तीनपैकी एक गोष्ट होते. ओळ निवडलीच जात नाही, कारण पान म्हणजे नुसता फोटो आहे. किंवा चिकटते ती इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के आणि कंस यांची खिचडी. किंवा मराठीच चिकटते, पण मोडकी: 'किती'ची वेलांटी 'क'च्या आधी एकटीच उभी, जोडाक्षरांच्या जागी रिकामे चौकोन.

मी पुण्यात एका कंपनीत कागदपत्रांमधून मजकूर काढणारं सॉफ्टवेअर लिहिते. इंग्रजी पीडीएफचं काम दोन दिवसांत होतं, मराठीचं दोन महिने चालतं. पहिल्यांदा मला वाटलं होतं की पीडीएफ हा प्रकारच मराठीला मानवत नाही. पण खोदत गेल्यावर वेगळंच दिसलं. मराठी मजकूर पीडीएफमध्ये शिरण्याच्या खूप आधी, वर्डमध्ये असतानाच, चित्र झालेला होता. पीडीएफने ते चित्र फक्त कायमचं केलं.

आधी पीडीएफबद्दल. १९९१ साली ॲडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी 'कॅमलॉट' नावाच्या प्रकल्पाचं टिपण लिहिलं. अडचण साधी होती. एका कॉम्प्युटरवर तयार केलेलं पान दुसऱ्यावर उघडलं की विस्कटतं. त्यांना असा कागद हवा होता जो कुठेही उघडला तरी तसाच दिसेल. जून १९९३ मध्ये पीडीएफ बाजारात आली. सुरुवातीला ती वाचायचं सॉफ्टवेअरसुद्धा विकत घ्यावं लागे. ते फुकट झाल्यावर पीडीएफ पसरली. २००८ मध्ये ती आयएसओचं खुलं मानक झाली. वर्डमधून थेट पीडीएफ काढायची सोय मात्र मायक्रोसॉफ्टने बरीच उशिरा दिली. २००६ मध्ये त्यावरून ॲडोबीशी वाद झाला, म्हणून २००७ च्या ऑफिसमध्ये ती वेगळी डाउनलोड करावी लागे, आणि २००९ पासून ती आतच मिळू लागली. तोवर लोक एक खोटा प्रिंटर बसवत. वर्डला वाटायचं आपण छापतोय, आणि कागदाऐवजी फाईल बाहेर पडायची. हा खोटा प्रिंटर लक्षात ठेवा, पुढे तो त्रास देणार आहे.

वर्डच्या फाईलमध्ये मजकूर असतो आणि फॉन्टचं नुसतं नाव असतं. पीडीएफच्या आत उलटा हिशेब असतो: अमुक फॉन्टमधला ४७ नंबरचा ठोकळा पानावर या जागी ठेव, त्याच्या उजवीकडे १२ नंबरचा ठेव. तो ४७ नंबर म्हणजे 'क' आहे हे पीडीएफला माहीत असायची गरज नसते. ते कळावं म्हणून एक जोडतक्ता सोबत ठेवता येतो, पण तो सक्तीचा नाही. पान दिसण्यासाठी फक्त ठोकळे पुरतात.

पानाची मांडणी हलू द्यायची नाही, ही हौस आपल्याकडे पीडीएफपेक्षा बरीच जुनी आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१ ते १६१५) पंचीकरण हा विषय एका पासोडीवर, म्हणजे जाड्याभरड्या कापडावर, लिहिला. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. पोथीचं पान पुढेमागे करता येतं, नक्कल करताना ओळ कुठेही तोडता येते. पासोडीवर शब्द जिथे आहे तिथेच आहे. मला ती कायम न गुंडाळता येणाऱ्या स्क्रीनसारखी वाटते. अर्थात ती वाचायला माणूस लागतो आणि माणसाला 'ि' कुठे आहे याने फरक पडत नाही.

छपाई आली तेव्हाही दोन वाटा होत्या. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पहिलं मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. दगडावर हाताने लिहायचं आणि त्याचा छाप घ्यायचा. अक्षर सुंदर येई, पण त्या छापातला 'क' सुटा काढून दुसऱ्या पानावर वापरता येत नसे. दुसरी वाट खिळ्यांची. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर सुरू केला आणि त्या छापखान्याचे खिळे देशभर नावाजले गेले. खिळ्यांत प्रत्येक अक्षर सुटं, मोजलेलं, खणात ठेवलेलं. आजच्या भाषेत सांगायचं तर शिळाछाप म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ आणि खिळे म्हणजे खरा मजकूर. देवनागरीची पंचाईत एकच होती: जोडाक्षरं, वेलांट्या, रफार धरून खिळे कित्येक शे लागत.

कित्येक शे खिळ्यांचं ते प्रकरण मग पन्नासेक कळांच्या टंकलेखन यंत्रावर बसवायचं ठरलं. त्यासाठी जी युक्ती झाली तिचे परिणाम आपण अजून भोगतोय. यंत्राला भाषेशी देणंघेणं नाही, त्याला फक्त आकार उमटवायचे असतात. म्हणून अक्षरांचे तुकडे केले. अर्धा 'भ' आणि पुढे काना मारला की झाला 'भ'. वेलांटी आधी मारायची, कारण ती डावीकडे दिसते. रफार शेवटी. महाराष्ट्रात कोर्टाबाहेर, तहसीलबाहेर, टायपिंगच्या क्लासमध्ये पिढ्यान् पिढ्या हीच बोटं तयार झाली. 'मराठी ३०' आणि 'मराठी ४०' पास असणं ही नोकरीची पहिली पायरी होती. यंत्रावरची शेवटची सरकारी परीक्षा ऑगस्ट २०१७ मध्ये झाली, म्हणजे मी कॉलेजात कोडिंग शिकत होते तेव्हा.

कॉम्प्युटर आला तेव्हा आपल्याकडे योग्य उत्तर तयार होतं, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. आयआयटी कानपूरमध्ये जिस्ट नावाचं तंत्र विकसित झालं आणि पुढे ते पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅककडे आलं. त्यात 'भ' म्हणजे 'भ' असाच साठवला जाई, आणि त्याचा आकार कसा काढायचा हे मशीन ठरवी. या पद्धतीचं भारतीय मानक, इस्की, १९९१ साली पक्कं झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातला देवनागरीचा भाग इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला होता. म्हणजे जगाने जे स्वीकारलं ते मूळचं इथलं.

पण तालुक्याच्या गावात डीटीपीच्या दुकानाला पेजमेकर हवा होता, कोरलड्रॉ हवा होता, वर्ड हवा होता. या परदेशी सॉफ्टवेअरना 'क' अधिक 'ष' मिळून 'क्ष' होतो हे ठाऊक नव्हतं. त्यांना माहीत होते २५६ खण, त्यातले वापरण्याजोगे सव्वादोनशेच्या आत. मग श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकचेच योगेश आणि सुरेख, अशा फॉन्टांनी टंकलेखन यंत्राची युक्ती पुन्हा काढली. इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठीचे तुकडे भरले. कॉम्प्युटरला वाटतं तो इंग्रजी 'के' साठवतोय, पडद्यावर दिसतो काना. कृतिदेवमध्ये ख, भ, श, ण ही अक्षरं पूर्ण नाहीतच. अर्धं अक्षर आणि काना असे दोन ठोकळे शेजारी ठेवायचे. आणि प्रत्येक कंपनीने खण आपापल्या मनाने भरले. एका फॉन्टमधला 'म' दुसऱ्या फॉन्टमध्ये 'ट' होई, आणि फॉन्ट काढून घेतला की राहते ती नुसती इंग्रजी खिचडी.

माझ्या मामांचं केजमध्ये डीटीपीचं दुकान आहे. १९९७ पासून. तिथे मी सुट्टीत बसायचे. पत्रिका, दहावा, तेरवी, वाढदिवसाचे फलक, ग्रामपंचायतीचे ठराव, शपथपत्रं, निवडणुकीची पत्रकं, बचत गटांचे अहवाल, पतसंस्थेच्या वार्षिक सभेच्या नोटिसा. पन्नास-साठ गावांत वीस वर्षांत काय काय झालं याचं इतकं दाट टिपण दुसरीकडे कुठेही नसेल. मामा त्याला 'माल' म्हणतात. जुना माल सीडीवर, नवा हार्डडिस्कवर.

पीडीएफ या दुकानात तारणहार म्हणून आली. तिच्याआधी फाईल छपाईला बाहेरगावी पाठवायची म्हणजे सोबत फॉन्टही पाठवावा लागे, आणि तिथल्या मशीनवर तोच फॉन्ट त्याच आवृत्तीचा नसेल तर आख्खी पत्रिका बिघडे. नवरीचं नाव चुकलं तर पाचशे पत्रिकांचे पैसे कोण देणार? पीडीएफमध्ये फॉन्टचा लागेल तेवढा तुकडा आतच जोडला जातो. कुठेही उघडा, नवरीचं नाव तेच. मामांना मी एकदा युनिकोडबद्दल पटवायला गेले तेव्हा ते म्हणाले, "अगं, गिऱ्हाईक पान बघतं. आत कोणता कोड आहे ते कामून बघंल ते?" त्यांच्या बाजूने बोलायचं तर हे शंभर टक्के बरोबर आहे. त्यांचा धंदा पान विकण्याचा आहे.

युनिकोडचं मराठी घराघरांतल्या मशीनवर आलं ते विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर, 'मंगल' या फॉन्टातून. तो रेखला मुंबईचे र. कृ. जोशी यांनी, देवनागरी अक्षरांचा आयुष्यभर विचार केलेला माणूस. पण पडद्यावर मराठी लोकांना ते परकं वाटलं, कारण 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होते. आपला पाकळीचा 'ल', आपला शेंडीचा 'श' हरवला. गंमत अशी की युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही 'ल' एकच आहेत, फरक फक्त आकाराचा, तो फॉन्टने सांभाळायचा. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ ला शासन निर्णय काढून मराठी वर्णमालेचं प्रमाण रूप ठरवून दिलं, कॉम्प्युटरवरच्या वापराचा विचार धरून.

आणखी एक लहानसं अक्षर बघा. 'ॲ'. ॲडव्होकेट, ॲसिड, ॲप. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ पर्यंत नव्हतंच. त्याआधी लोक 'अ' टाईप करून त्यावर चंद्र ठेवत, आणि चंद्र 'अ'वर बसायला नकार देऊन शेजारी ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसे. बीडच्या कोर्टासमोरच्या प्रत्येक टायपिस्टला दिवसातून पन्नास वेळा 'ॲड.' लिहावं लागत असणार. त्याने श्रीलिपी सोडावी कशाला?

यापेक्षा बिकट प्रकरण पापणीसारख्या वळलेल्या अर्ध्या 'र'चं आहे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना जेवण दिलं आणि आचाऱ्यांना जेवण दिलं यात केवढा फरक. हिंदीला हा 'र' लागत नाही, आपल्याला पावलोपावली लागतो. युनिकोडमध्ये तो दोन पद्धतींनी लिहिता येतो. नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साधा 'र' घेऊन पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालायचं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मशीनला ते दोन वेगळे शब्द आहेत. आणि हा 'र' कुठल्या शब्दात येतो? शेतकऱ्यांना. शेतकऱ्याचा. शेतकऱ्यांसाठी. बीड जिल्ह्यासंबंधीच्या सरकारी कागदांत हा शब्द किती वेळा येत असेल विचार करा. तो दोन तऱ्हांनी साठवलेला आहे आणि तुम्ही ज्या कीबोर्डवरून शोधता त्यावर अवलंबून अर्धे शेतकरी तुम्हाला सापडतात.

(आमच्या कंपनीत मी हे सांगितलं तेव्हा हैदराबादचा सहकारी हसला. त्याच्या तेलुगूच्या पीडीएफची कहाणी ऐकून मग मी हसले.)

बरं, वर्डमध्ये अगदी शुद्ध युनिकोडमध्ये टाईप केलं तरी पीडीएफ करताना काय होतं? 'किती' हा शब्द साठवताना क आधी, वेलांटी नंतर, जसं आपण उच्चारतो तसं. दाखवताना वेलांटी आधी. पीडीएफमध्ये जातात ते दाखवायचे ठोकळे, दाखवायच्या क्रमाने. 'क्ष', 'त्र', 'ष्ट्र' असे जोडठोकळे तर दोन-तीन अक्षरं मिळून एक झालेले. त्यांचा जोडतक्ता नीट बनला नाही तर परत फोडणार कसे? म्हणून महाराष्ट्र कॉपी केलं की 'महारा' आणि पुढे चौकोन. याला उपाय आहे. ठोकळ्यांच्या झुपक्यामागे मूळ मजकूर लपवून ठेवायची सोय पीडीएफमध्ये २००१ पासून आहे. पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रामने ती वापरायची तसदी घ्यायला हवी, एवढंच. खोटा प्रिंटर ती घेऊच शकत नाही, कारण त्याच्यापर्यंत मजकूर येतच नाही, फक्त आकार येतात.

सरकारी कागदाचे रस्ते दोन. मंत्रालयातला शासन निर्णय वर्डमध्ये तयार होतो, त्याची पीडीएफ होते, त्यावर डिजिटल सही होते आणि तो संकेतस्थळावर चढतो. शेवटच्या परिच्छेदात अठरा आकडी संकेतांक असतो. पहिल्या आठ आकड्यांत वर्ष, महिना, दिवस. ही व्यवस्था खरोखर चांगली आहे. निदान मूळ मजकूर कागदावरून न जाता थेट फाईलमध्ये पोचतो. तालुक्याच्या पातळीवर मात्र रस्ता लांबचा. वर्डमध्ये टाईप करायचं, प्रिंट काढायची, साहेबांची सही, गोल शिक्का, मग तो कागद मोबाईलने स्कॅन करून पीडीएफ. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली तेव्हा बातम्यांत टिकटॉकचं नाव होतं, पण कार्यालयांतून हळहळ झाली ती कॅमस्कॅनरसाठी. टाईप केलेला, शोधता येण्याजोगा मजकूर आपण छापतो आणि त्याचा फोटो काढून पुढे पाठवतो. शिळाप्रेसकडे परत.

माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा चौथ्या कलमात म्हणतो की सार्वजनिक प्राधिकरणांनी नोंदींची सूची करावी, त्या अशा रूपात ठेवाव्यात की माहिती मिळणं सोपं होईल. तिरक्या स्कॅनची ऐंशी पानी पीडीएफ दिली की माहिती दिली जाते. ती सोपी होते का, हे विचारायला अर्जदाराकडे बहुधा वेळ नसतो.

या सगळ्याचा अर्थ काय होतो ते मराठवाड्याने २०२३ मध्ये पाहिलं. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली गेली. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळे कागद उर्दूत, मोडीत आणि मराठीत. सापडलेली पानं स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पीडीएफ म्हणून ठेवली गेली. आरक्षणाच्या वादात कोण बरोबर हा या लेखाचा विषय नाही. मी बघत होते ती लोकांची बोटं. आमच्या भागातली पोरं रात्र रात्र मोबाईलवर ही पानं मोठी करून, सरकवून, पणजोबाचं नाव शोधत होती. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. त्या कागदांचं समजू शकतं. ते शंभर वर्षांपूर्वी हाताने लिहिलेले आहेत, कुणाच्या मनातही शोधयंत्र नव्हतं. पण २००५ साली कॉम्प्युटरवर टाईप केलेला ग्रामपंचायतीचा ठराव वाचायलासुद्धा उद्या असाच जाणकार शोधावा लागला तर? मोडीचे वर्ग निदान भरतात. श्रीलिपीच्या कुठल्या आवृत्तीत कुठला खण कशाचा, याचा वर्ग कुठे भरतो?

विद्यापीठांचीही हीच तऱ्हा आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनंतर पीएचडीचे प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात द्यावे लागू लागले आणि ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर जमा होऊ लागले. तिथे मराठी विषयांचे प्रबंध उघडून बघा. पान स्वच्छ, मजकूर निवडला की खिचडी. ऊसतोड कामगारांवर कुणी चार वर्षं फिरून लिहिलेलं प्रकरण गूगलला दिसत नाही, मग पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी 'या विषयावर काम झालेलं नाही' असं प्रस्तावनेत लिहून मोकळं होतं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट खुली केली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यातली पुष्कळ मात्र नजरेनेच वाचायची. उलट मराठी विश्वकोश संकेतस्थळावर आला तो युनिकोड मजकूर म्हणून. फरक किती पडतो बघा: मराठीत काहीही शोधलं की पहिल्या पानावर विश्वकोशाची नोंद येते.

मागच्या दिवाळीत मामांच्या सीड्या चाळताना मला एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका मिळाली. २००४ सालची, शहाण्णव पानं. वर्डमध्ये टाईप केलेली मूळ फाईल गेली होती, खोट्या प्रिंटरने काढलेली पीडीएफ उरली होती. त्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी १९७२ च्या दुष्काळाबद्दल सांगितलेलं मास्तरांनी उतरवून घेतलं आहे. रोजगाराच्या कामावर खडी फोडणं, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, पोरांना वाटलेली सुकडी, विकलेली जनावरं. सांगणाऱ्यांपैकी आज कुणीही हयात नाही. हे दुसरीकडे कुठेही छापलेलं नाही.

मी तो मजकूर काढायला बसले. जुन्या फॉन्टातून युनिकोड करणारे प्रोग्राम भरपूर आहेत. खणांचा तक्ता असतो, ठोकळ्याच्या जागी अक्षर ठेवायचं, वेलांटी एक घर मागे न्यायची, रफार पुढून उचलून आणायचा. पण इथे तेही चालेना. फॉन्टचा तुकडा जोडताना त्या खोट्या प्रिंटरने ठोकळ्यांना आपल्या मनाने नवे नंबर दिले होते आणि जोडतक्ता ठेवलाच नव्हता. उरले होते फक्त आकार. छायाचित्रावरून अक्षर ओळखणारे प्रोग्राम आता मराठीत बरे चालतात, पण आडनावं आणि गावांची नावं त्यांना झेपत नाहीत, आणि स्मरणिकेत दुसरं असतं काय? म्हणून एकेक ठोकळा डोळ्यांनी बघून तक्ता केला. एकशे चौसष्ट ठोकळे. काही ठिकाणी रफार आणि अनुस्वार मिळून एकच ठोकळा होता, एका ठिकाणी 'द्ध' आणि 'ध्द' यांत फरकच कळेना, तेव्हा मामांना फोन लावला. त्यांनी बोटं हवेत चालवून बघितली असावीत, कारण थोडं थांबून त्यांनी कुठल्या कळा दाबायचे ते सांगितलं. एकवीस वर्षांनी.

नवी फाईल करताना मी दोन गोष्टी पाळल्या आणि त्या कुणालाही जमतील. मजकूर युनिकोडमध्ये वेगळा जपून ठेवला, म्हणजे पीडीएफ हरवली किंवा फसली तरी चालेल. आणि वर्डमधून पीडीएफ काढताना प्रिंटच्या वाटेने न जाता 'सेव्ह ॲज'मधून काढली, पर्यायांत पीडीएफ-एच्या चौकटीवर खूण करून. हा २००५ चा, जतनासाठीचा प्रकार. सगळे फॉन्ट आत घालणं त्यात सक्तीचं असतं. मग फाईल उघडून चार शब्द शोधून पाहिले, कारण खूण केली म्हणून मजकूर नीट उतरतोच असं नाही.

'सुकडी' आता सात ठिकाणी सापडते. 'मिलो' अकरा. शेतकऱ्यांचा 'ऱ' सगळीकडे एकाच पद्धतीचा करून घेतला आहे. देणगीदारांच्या यादीची चार पानं अजून बाकी आहेत, तिथे मामांनी हौसेने दुसराच फॉन्ट वापरला होता.